सरपंचांचे मनोगत

आमच्याकडं ऊस आणि भाषणं एकाच हंगामात येतात. दिवाळी सरते, कारखान्याचे भोंगे सुरू होतात आणि बारामती-इंदापूर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर डुलायला लागतात. जानेवारी उजाडला की सकाळच्या थंडीत मळीचा आंबूस वास मिसळतो, आणि त्याच थंडीत कुठल्या तरी शाळेच्या पटांगणावरून ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ ऐकू येतं. सव्वीस जानेवारी, स्नेहसंमेलन, बक्षीस वितरण, दहावीचा निरोप समारंभ. मार्चपर्यंत आमच्या दोन तालुक्यांत एकही नारळ देवापर्यंत पोचत नसावा, सगळे पाहुण्यांच्या हातात जातात.

मी बारामतीच्या एका शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं या दिवसांत माझी पिठाची गिरणी होते. जो तो आपलं दळण घेऊन दारात उभा. कुणाला प्रास्ताविक हवं असतं, कुणाला आभार, आणि शेजारच्या निवृत्त इंजिनिअर काकांना नातवाच्या शाळेत प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेलं असतं, तर त्यांना ‘जरा वजनदार’ काहीतरी हवं असतं. वजनदार म्हणजे काय, असं मी विचारते. ते हाताने हवेत भोपळ्याएवढा आकार दाखवतात.

परवा नववीतली ऋतुजा आली. सव्वीस जानेवारीला तिला बोलायचं आहे. “मॅडम, भाषण तयार आहे, फक्त एकदा बघा.” मी बघितलं. सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो. मग देदीप्यमान, मग तेजोमय, मग सुवर्णाक्षरांनी, आणि शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’. चार पानं झाल्यावर दोन शब्द.

“हे तू लिहिलंस?”

“मोबाईलवरून घेतलंय मॅडम. पण बदललंय थोडं.”

बदललं होतं ते शाळेचं नाव.

मला राग आला आणि हसूही आलं. रागाचं कारण मुलीला सांगता येण्यासारखं नव्हतं. ते शब्द तिनं मोबाईलवरून घेतले असले, तरी नववीत असताना मी स्वतः अगदी तेच शब्द वापरले होते, आणि तेही मोबाईल नसताना, स्वतःच्या अकलेनं. मी तिला विचारलं, “कुणासमोर बोलणार आहेस?” ती म्हणाली, “स्टेजवर.” मी म्हणाले, “स्टेजवर नव्हे. कुणासमोर?” अवघड गणित घातल्यासारखी ती माझ्याकडं बघत राहिली. आणि माझ्या डोळ्यांसमोर कांद्याचे वाफे आले, वाफ्यात वाकलेली माझी आई आली, आणि तिचा तो एका वर्षीचा जानेवारी महिना आला.

लासुर्ण्याच्या अलीकडं रस्त्यापासून आत आमची वाडी आहे. मी नववीत होते त्या वर्षी सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं आणि माझी आई सरपंच झाली. म्हणजे कागदावर आई झाली. खुर्चीत अण्णा, म्हणजे माझे वडील, बसायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. आजूबाजूच्या चार गावांत असंच चालायचं. बाईनं सही करायची, पुरुषानं कारभार बघायचा. अण्णांना लोक ‘सरपंच’ अशीच हाक मारायचे आणि ते वळून बघायचे. आईला मात्र सगळे वैशालीची आईच म्हणायचे. वैशाली म्हणजे मी.

अण्णा वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मनात त्यांना एक मिशी लावून द्याल. साधे, गमत्ये, माणसांत रमणारे. आमचा ट्रॅक्टर हंगामात कारखान्याला ऊस वाहायचा आणि वाहतूकवाल्यांत अण्णांच्या शब्दाला किंमत होती. एक दोष होता, माईक दिसला की त्यांना राहवत नसे. पंधरा ऑगस्टला कार्यक्रमपत्रिकेवर ‘सरपंचांचे मनोगत’ असं छापलेलं होतं. हेडसरांनी ते पुकारलं आणि अण्णा उठले. ‘सरपंचांच्या वतीनं दोन शब्द’ म्हणून पाऊण तास बोलले. भाषण मी लिहून दिलं होतं. मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले होते. (पहिला नंबर इंदापूरच्या एका डॉक्टरांच्या मुलीला दिला, तो मला अजून पटलेला नाही.) तेव्हा भाषण लिहिणं हा माझा घरचा धंदाच झाला होता. अण्णा बोलत होते, मी खाली बसून ओठांनी प्रत्येक शब्द म्हणत होते, आणि आई स्टेजवर खुर्चीच्या कडेला टेकून, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून, समोरच्या झेंडूच्या हाराकडं बघत बसली होती. मी तिच्याकडं बघितलंही नाही. हे आज लिहिताना मला लाज वाटते.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली, “सव्वीस जानेवारीला मी बोलणार हाय. लिहून दे.”

अण्णा हसले. “बोल की. कोण नको म्हणतंय? फकस्त गावात हसू करून घ्यायचं न्हाय.”

आई सातवी शिकलेली. पेपर वाचायची, बचत गटाचं रजिस्टर तिच्याच अक्षरात असायचं. पण चार बायांच्या पलीकडं तिला बोलताना मी ऐकलं नव्हतं. मी डिसेंबरात तिला भाषण लिहून दिलं. माझ्या मते ते माझं तोवरचं सर्वोत्तम भाषण होतं.

आईची पाठांतराची रीत मी नंतर कुठंच बघितली नाही. घरी तिला वेळ नसायचा. शेतात कांद्याची खुरपणी चालू होती. कागद ती बांधावर दगडाखाली ठेवायची, एक वाक्य वाचायची, आणि वाफ्यात शिरायची. वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तेच वाक्य. गवत उपटत, माती हलवत, पुन्हा पुन्हा. वाफा संपला की वाक्य पाठ झालेलं असायचं. एका वाफ्याला एक वाक्य. मग बांधावर येऊन पाणी प्यायची आणि पुढचं वाक्य बघायची. शेजारच्या वाफ्यात मंदामावशी असायच्या. त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडं खुरपायला यायच्या. आईच्या भाषणाचा पहिला श्रोता त्याच. चौथ्या वाफ्यात आई अडखळली की मंदामावशी पलीकडून वाक्य पुरं करायच्या. जानेवारीच्या मध्यापर्यंत मंदामावशींचंही भाषण पाठ झालं होतं.

रविवारी मी पण जायची. खुरपायला नव्हे, लेखिका म्हणून.

“वैशे, ह्ये देदीप्यमान म्हंजी काय असतंय?”

“चमकणारं.”

“मग चमकणारं लिही की.”

“आई, भाषणात तसं नाही चालत.”

“का? भाषणाला काय सोवळं असतंय?”

मंदामावशी खुरपं टेकवून हसल्या. मी फुगून बसले. आई वाकलेलीच म्हणाली, “जे मंदीला कळत न्हाय ते मला कशाला बोलाय लावती? ती काय फकस्त टाळ्या वाजवायला यिती व्हय?” त्या एका दुपारी माझे एकोणीस शब्द गेले. मी मोजले होते, कारण प्रत्येक शब्द जाताना मला दात काढल्यासारखं होत होतं. आज मुलांच्या वह्यांतले तेच शब्द मी लाल पेनानं काढते, आणि मुलं तशीच फुगतात. मग मी त्यांना कांद्याचा वाफा काय ते समजावत बसते. बारामतीच्या मुलांना वाफा कळतो, पण भाषणाशी त्याचा काय संबंध ते कळत नाही.

पण एक गोष्ट आईनं काढू दिली नाही, आणि ती म्हणजे नावं. भाषणाच्या सुरुवातीला मान्यवरांची जी माळ असते ती मला कंटाळवाणी वाटायची. ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर’ असं म्हणून मी ती एका फटक्यात उरकली होती. आई म्हणाली, “तसं न्हाय. येक येक नाव घ्यायचं. माणूस इस्त्रीची कापडं घालून, कामधंदा टाकून येतंय. त्येचं नाव घेतलं न्हाय तर त्ये आलंच न्हाय असं हुतंय.” आणि हे खरंच होतं. आमच्या भागात नाव राहिलं म्हणून रुसलेला माणूस वर्षभर शाळेची पायरी चढत नाही. मी मुकाट्यानं सात नावं क्रमानं लिहिली. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, उपसरपंच, असं करत पाचव्या नंबरला ऊस वाहतूकदारांचे प्रतिनिधी म्हणून अण्णा. आई म्हणाली, “मंदीचं नाव कुठाय?” मी म्हणाले, “त्या स्टेजवर नसतात.” आई म्हणाली, “खिचडी स्टेजवर शिजती व्हय?” मी तरी नाव लिहिलं नाही. नियम म्हणजे नियम, असा माझा तेव्हाचा बाणा होता.

नावांचा वाफा आला की मोठी गंमत व्हायची. चार नावं आई खणखणीत घ्यायची, आणि पाचव्याला गप्प. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलेलं नव्हतं. लग्नात, डोहाळजेवणात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. “आणि… ह्ये,” असं म्हणून ती सहाव्या नावावर उडी मारायची. आईला नावानं हाक मारणाऱ्या एकट्या मंदामावशी. त्या म्हणायच्या, “शालन, स्टेजवर ‘ह्ये’ कसं चालंल गं?” आई म्हणायची, “बघू तवाचं तवा.”

आणि एक राहिलंच. आईनं सगळं भाषण दोनदा वाचून विचारलं होतं, “रस्त्याचं कुठं हाय ह्यात?” आमची शाळा फाट्यावरून वाडीत येणाऱ्या रस्त्याला लागून आहे. हंगामात शाळा भरायच्या वेळेला ट्रॅक्टरची रांग त्याच रस्त्यानं जायची. वर गाण्यांचा टेप इतका मोठा की मागं काय चाललंय ते ड्रायव्हरला ऐकू येत नसे. डिसेंबरात पाचवीतल्या एका मुलीची सायकल मागच्या ट्रॉलीला घासली. पोरगी पाण्याच्या चारीत पडली म्हणून वाचली, सायकलीचा मात्र पापड झाला. आई तिच्या घरी जाऊन आली होती आणि त्या दिवशी जेवली नव्हती. ट्रॅक्टरांना जायला कालव्याच्या कडेनं दुसरा रस्ता होता, पण लांबचा. आईनं घरी विषय काढला तेव्हा अण्णा म्हणाले, “हंगामात असलं काढू नको. डायवर लोक माझ्या तोंडावर बोलत्याल.” मीही आईला सांगितलं, “प्रजासत्ताक दिनाच्या भाषणात रस्ता नसतो आई, लोकशाही असते.” आईनं कागदाची घडी घातली.

आठवडा राहिला असताना अण्णा घरी आले ते मोठ्या खुशीत. आशेवर यादीत नाव घातलेले कारखान्याचे संचालक प्रमुख पाहुणे म्हणून यायला अखेर तयार झाले होते. जेवताना अण्णा आईला म्हणाले, “पाव्हणं मोठं हायेत. औंदा ऱ्हाऊ दे तुझं बोलायचं. मी बोलतो. पुढच्या वर्षी तू बोल.”

आईनं वाटीत आमटी वाढली. “बरं,” म्हणाली.

मला तेव्हा काय वाटलं, ते मी प्रामाणिकपणे लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. आई अडखळली असती तर माझं भाषण वाया गेलं असतं, असा माझा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी मी शेतात डबा घेऊन गेले तर बांधावर दगडाखाली कागद होता आणि आई वाफ्यात वाकून म्हणत होती, “या गावाची सरपंच म्हणून मी आपल्यासमोर उभी आहे.” तेच वाक्य, पुन्हा पुन्हा, वाफा संपेपर्यंत. अण्णांनी नको म्हटलेलं भाषण ती कुणासाठी पाठ करत होती, हे मी विचारलं नाही. तिच्याकडं बघून विचारायचं धाडस झालं नाही म्हणा. माणसाला आपलं म्हणणं म्हणायला मिळणार नाही हे कळल्यावरही जो ते नीट बसवत राहतो, त्याच्यात काहीतरी निराळं असतं. मला ते समजायला वीस वर्षं लागली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन वेळेवर झालं. दोरी आईनं ओढली, ते काम कायद्यानं तिचंच होतं. मग बक्षीस वितरण. ते दहाला सुरू व्हायचं होतं, पण प्रमुख पाहुण्यांशिवाय सुरू करायचं नाही ही आमच्याकडची रीत. साडेदहा झाले. पोरं सहापासून प्रभातफेरी करून दमलेली. मांडवाच्या बाहेरच्या ओळींवर ऊन आलं होतं. पहिलीतल्या एका मुलीला भाज्यांच्या नाचासाठी टोमॅटो केलं होतं. तिचा लाल कागद गळ्यापाशी टोचत होता आणि ती बारीक आवाजात रडत होती. स्वयंपाकघरात जिलेबीची परात झाकून ठेवली होती, पण पाहुण्यांच्या आधी पोरांना कशी वाटणार?

अकराला निरोप आला, साहेब पुण्याहून निघालेत, हायवेवर डाळजला चहाला थांबलेत. तसं सगळं स्टेज उठलं. मोठ्या पाहुण्याला फाट्यावरून वाजतगाजत आणायचं, ही दुसरी रीत. हेडसर, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, अण्णा, सगळे हलगीवाल्यांना घेऊन फाट्याकडं निघाले. आई उठायला लागली तर हेडसर अदबीनं म्हणाले, “तुम्ही बसा वहिनी. तुम्ही कशाला उन्हात?” आणि मला म्हणाले, “वैशाली, तोवर माईकवर काहीतरी चालू ठेव.” सूत्रसंचालन माझ्याकडं होतं.

मी दोन सुविचार सांगितले. एक समूहगीत म्हणायला लावलं. पुन्हा एक सुविचार सांगितला, तो पहिलाच होता. पोरं आता एकमेकांना चिमटे काढत होती. मागं बायका उठून जायच्या बेतात होत्या. टोमॅटो मोठ्यानं रडायला लागला. आई खुर्चीवरून उठली, स्टेजच्या पायऱ्या उतरली, त्या मुलीच्या गळ्याची टाचणी काढली, तिला मंदामावशींच्या मांडीवर बसवलं, आणि परत वर आली. खुर्चीकडं मात्र गेली नाही. माझ्याजवळ आली.

“पुकार,” ती म्हणाली.

“काय?”

“सरपंचांचं मनोगत.”

मी फाट्याच्या दिशेनं बघितलं. कुणीच दिसत नव्हतं. हेडसर रागावतील, अण्णा काय म्हणतील, भाषण पडलं तर, असं सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. आईच्या हाताला झेंडावंदनाच्या फुलांचा पिवळा रंग लागलेला होता. ते बघितलं आणि मी पुकारलं.

आई माईकसमोर उभी राहिली. मग तिनं मान वळवून मागं बघितलं. तिची सोडून स्टेजवर सात खुर्च्या होत्या, सातही रिकाम्या. आता ती काय करणार, हे मला उमजेना. तिनं भाषण नावांपासून पाठ केलं होतं. पहिला वाफा सोडून दुसऱ्यात कसं शिरायचं ते तिला माहीत नव्हतं. तिनं पहिल्या खुर्चीकडं हात केला आणि म्हणाली, “आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आदरणीय…” आणि संपूर्ण नाव घेतलं. त्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला. नाव घेतलं की टाळ्या, असं पोरांना आठवडाभर शिकवलेलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी खुर्ची, दुसरं नाव, नमस्कार, टाळ्या. तिसऱ्याला पोरं खिदळायला लागली, चौथ्याला मागच्या बायकाही. उठून चाललेल्या परत बसल्या. आई हसत नव्हती. माणूस बसलेला असता तर जेवढा मान दिला असता तेवढाच ती त्या लाकडाला देत होती.

पाचवी खुर्ची आली आणि आई थांबली. सगळ्या मांडवाला कळलं की ती का थांबली. बायकांमधून कुणीतरी ओरडलं, “घ्या की वो नाव! हुंदे उखाणा!” एकच हशा झाला. आईचं तोंड लाल झालं. तिनं एकदा घसा साफ केला, आणि शाळेत हजेरी घेतात तसं, उखाणा न घेता, अण्णांचं नाव त्यांच्या वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट घेतलं. “श्री. दत्तात्रय रामचंद्र” इथपर्यंत येता येता मांडव चिडीचूप झाला होता. मग तिनं नमस्कार केला. टाळ्या वाजवायचं पोरंसुद्धा विसरली.

सातव्या खुर्चीनंतर ती समोर वळली. माझ्या कागदात नसलेलं आठवं नाव तिनं घेतलं, मंदामावशींचं. मग नववं घेतलं, सायकलवाल्या पोरीचं. त्यानंतर माझं भाषण सुरू झालं, आणि तिनं ते एकेक वाक्य करत, न अडखळता, प्रत्येक वाक्यानंतर बांधावर आल्यासारखं थांबत म्हटलं. देदीप्यमान नव्हतं, तेजोमय नव्हतं. ‘या गावाची सरपंच म्हणून मी आपल्यासमोर उभी आहे’ हे वाक्य आलं तेव्हा मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते आणि मला रडू येत होतं. मी लिहिलेलं वाक्य मीच पहिल्यांदा नीट ऐकत होते.

ऋतुजाला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की कागद बाजूला ठेव, आधी जाऊन बघ, तुझ्यासमोर कोण कोण बसणार आहे. त्यांची नावं लिही. मग त्यांतल्या एकाला तुला जे सांगायचंय तेवढंच लिही. ती म्हणाली, “मॅडम, पण मग ते भाषण वाटेल का?” मीही आईला हेच विचारलं असतं. तिला बाकावर बसवून ठेवलं आणि चहा करायला आत गेले. भाषण कसं लिहावं ते शिकवताना इतक्या वर्षांत मी कितीतरी शब्द वापरलेत. खरं म्हणजे मला एकच माणूस दाखवायचा असतो.

त्या दिवशी माझा कागद संपला तरी आई माईकपासून हलली नाही. तिनं घरी बोलायच्या आवाजात रस्त्याचं काढलं. “सकाळी धा वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता आपली पोरं ह्या रस्त्यानं जात्यात,” ती म्हणाली. “त्या टायमाला ट्रॅक्टर कालव्याच्या कडनं जाऊ द्या. टेप बारीक करा. लांब पडंल, मला ठाव हाय. आमचाबी ट्रॅक्टर हाय. पयला आमचाच जाईल कालव्याकडनं.” बायकांमधून आवाज उठला, “व्हय, व्हय!” पोरांनी आता मात्र न सांगता टाळ्या वाजवल्या.

नेमकी तेव्हाच हलगी ऐकू आली. फाट्यावरनं मिरवणूक येत होती. पुढं हलगीवाले, मध्ये फेटा बांधलेले साहेब, मागं सगळं स्टेज. पाहुणे आले की चालू भाषण तिथंच तोडायचं, सगळ्यांनी उठून उभं राहायचं, शाल-नारळ, मग पुढं, ही तिसरी रीत. हेडसर मांडवात शिरता शिरताच मला हातानं खूण करत होते, बंद कर, बंद कर. आईला हलगीपुढं आपलाच आवाज ऐकू येईना. ती थांबली. माईक धरून तशीच उभी राहिली. तिची नजर अण्णांवर होती. तिचं शेवटचं वाक्य अण्णांनी ऐकलेलं असणार, कर्णा फाट्यापर्यंत वाजत होता. त्यांच्या शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद वर आलेला मला दिसत होता. ते त्या दिवशी म्हणणार होते ते भाषण. तेही मीच लिहिलेलं.

आख्खा मांडव अण्णांकडं बघत होता. अण्णा दोन पावलं पुढं झाले. मला वाटलं, आता ते स्टेजवर चढणार, आईला हसत बाजूला सारणार, आणि ‘सरपंचांच्या वतीनं’ म्हणून सुरू करणार. त्यांनी हलगीवाल्याच्या मनगटावर हात ठेवला. हलगी थांबली. मग साहेबांकडं वळून, मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “साहेब, जरा थांबावं लागंल. सरपंच बोलत्यात.”

साहेब फेट्यासकट दारातच उभे राहिले. त्यांच्यामागं हेडसर, चेअरमन, उपसरपंच, सगळे उन्हात उभे. अण्णा सगळ्यांच्या पुढं, हात बांधून. आईनं पदर सारखा केला आणि पुन्हा माईक जवळ ओढला. मी लिहिलेलं भाषण केव्हाच संपलं होतं. आई बोलतच होती.